जी-एचचं गोत

माझ्या उजव्या हाताचा पंजा मोठा आहे. बाईच्या मानानं अंमळ जास्तच. लग्नात बांगड्या भरताना बांगडीवाली घामाघूम झाली आणि म्हणाली, "पोरीचा हात आहे का फावडा व माय?" सगळ्या बाया खिदळल्या, मीही हसले. मांडवाच्या बांबूला टेकून माझा दादा उभा होता, तो तेवढा हसला नाही. या हातानं काय केलं ते आमच्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, एक मी आणि एक तो. आज कागदावर सांगते आहे, कारण तोंडानं सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. माझ्यासारखी फटकळ बाई हिंमत नाही म्हणून कबूल करते, यावरून काय ते समजा.

आमचं गाव आंधळगावपासून सायकलीनं अर्ध्या तासावर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. घर म्हणजे कवेलूच्या छपराची एक खोली, पुढे पडवी आणि पडवीत माय. माझ्या आठवणीतली माय उभी नसतेच. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. तेंदूपत्ता कातरायचा कचकच आवाज, ओल्या पानाचा वास, मधूनच तंबाखूच्या भुकटीनं आलेली शिंक. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा पापण्यांवर कोंडा असायचा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. भातात खडा लागला की उठला हात. लाखोळीचं वरण पातळ झालं की उठला हात. माय म्हणायची, "पोत्यावरचा राग पोट्ट्यायवर कायले काढता?" तर तिच्यावरही उठायचा. पण तीही काही गरीब गाय नव्हती. एकदा तिनं चुलीवरचा तापलेला सराटा, म्हणजे उलथणं, त्यांच्या मनगटावर असा टेकवला की पुढे कित्येक वर्षं तो डाग घड्याळासारखा दिसायचा. त्या दिवशी दोघंही आरडाओरडा करून थकले आणि मग सुकटीची चटणी आणि भात आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ला. मार खाणं आणि मार देणं यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. ज्याच्या अंगात जोर त्यानं द्यायचा, बाकीच्यांनी खायचा, एवढंच माहीत.

दादाचं नाव देवानंद. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. खांदे बाबांचे, स्वभाव मात्र कुणाचा कोण जाणे. घरी कोंबडी कापायची असली की हा तलावावर निघून जायचा. गल्लीतली पोट्टी एकमेकांची डोकी फोडत तेव्हा हा मधे पडायचा आणि दोन्ही बाजूंनी खाऊन यायचा. आणि या माणसाला जायचं होतं फौजेत! आमच्याच वस्तीतला एक जण सुट्टीवर आला होता, हिरवी पेटी, काळे बूट, छातीवर नावाची पट्टी. जो दुकानदार एरवी आमच्या माणसांना पायरीखाली उभं ठेवून सामान द्यायचा, त्यानं त्याला खुर्ची दिली. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "माहा देवा फौजेत जाईन." त्या दिवसापासून दादा रोज सकाळी तलावाच्या पाळीवर धावायचा. मी चिडवायची, "कोंबडी कापता येत नाही, बंदूक काय चालवशीन?" तो म्हणायचा, "फौजेत पहिले धावा लागते. मले धावता येते." खरंच येत होतं. आख्ख्या गावात त्याला गाठणारं कुणी नव्हतं.

पण फौजेला दहावी पास लागायची आणि इंग्रजीत दादाचं घोडं अडलं होतं. दोनदा नापास होऊन तो नववीत बसलेला आणि मी खालून चढत चढत त्याच वर्गात येऊन पोचले. बाबांनी मला समोर उभं करून सांगितलं, "नंदे, याले इंग्रजी शिकव. हा फौजेत नाही गेला तं तुही चामडी लोळवीन." म्हणजे अभ्यास त्याचा आणि चामडी माझी. मी मनात म्हटलं, बरं आहे बापा!

त्याच वर्षी आमच्या शाळेत लांजेवार सर इंग्रजी शिकवायला आले. बुटके, गोरे, पांढरा पायजमा, आवाज असा की पलीकडच्या वर्गातली पोरंही दचकत. इंग्रजी शब्द सुटे सुटे पाठ करायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. "शब्दाले बी गोत असते बे, जसं मानसाले असते. ज्याच्या पोटात सारखे अक्षरं, ते एका गोताचे." साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे फाडून त्यावर ते निळ्या शाईनं एकेक गोत लिहीत आणि खिळ्याला टांगत. टी-आय-ओ-एनचं गोत, ओ-यू-एसचं गोत, के-एनचं गोत. आणि सगळ्यांत खट गोत जी-एचचं. तो पुठ्ठा आजही मला दिसतो. नाइट, लाइट, राइट, फाइट, एट, हाइट, वेट, नेबर, डॉटर, लाफ, कफ, रफ, इनफ, थ्रू. इनफ आणि थ्रूच्या मधे जागा नव्हती तरी सरांनी लाल शाईनं प्लाव कोंबला होता, शेतकऱ्याच्या पोट्ट्यांना नांगर आलाच पाहिजे म्हणून. शनिवारी सकाळची शाळा असायची, तेव्हा सर पुठ्ठे भिंतीकडे फिरवून एकेक गोत उलटं विचारायचे. ते मराठी शब्द टाकणार, आपण इंग्रजी शब्द सांगून स्पेलिंग म्हणायचं.

आता सरांचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. सर स्वतः कुणाला मारत नसत. पहिल्याला विचारलं, नाही आलं, तो उभा. दुसऱ्याला नाही आलं, तोही उभा. असं करत ज्याला येईल त्यानं उत्तर द्यायचं आणि उभ्या असलेल्या सगळ्यांच्या एकेक झापड हाणायची. "ज्याले येते त्यानं मारायचं." मुलगा असो, मुलगी असो. हळू मारलं तर सर म्हणत, "असं नाही, असं," आणि ते 'असं' मारणाऱ्याच्याच गालावर दाखवत. मग त्यानं पुन्हा नीट मारायचं. आजकाल पोराला नुसतं डोळे वटारले तरी पालक मोबाईल काढून शाळेत येतात. तेव्हा मास्तरांना कुणी ब्र म्हणून विचारत नव्हतं. उलट दुसऱ्या गावचे लोक म्हणत, असा मास्तर आमच्याकडे पाहिजे होता.

मला यायचं. सगळं यायचं. खोटं कशाला बोलू, मला मारायला आवडायचं! सुरुवातीला नेम चुकायचा, मग दोन-तीन शनिवारांत हात बसला. मनगट सैल ठेवायचं, पंजा ताठ, आणि खांद्यापासून आणायचा. वर्गात चौथ्या रांगेत वसंता बसायचा, त्याच दुकानदाराचा मुलगा. गुबगुबीत गाल, तेल लावून चोपलेले केस. त्याच्या दुकानाच्या पायरीखाली मी ओंजळ पसरून गूळ घेतला होता, तो वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. आणि आता दर शनिवारी माझा आख्खा पंजा त्याच्या गालावर! पाचही बोटं उठायची. मी शुक्रवारी झोपताना त्या गालाचा विचार करायची, असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

एका दुपारी वसंताची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पडवीत पाय ठेवला नाही, तिथूनच ओरडली, "तुमच्या पोट्टीचा हात तोडून टाकीन! आमच्या पोराच्या गालाले हात लावते? विटाळ ना चांडाळ!" माय विड्या वळता वळता म्हणाली, "विटाळ झाला तं गाल धुऊन घ्या बाई. अन् धुता धुता थोडं इंग्रजी बी शिकवा." वसंताच्या आईनं अंगणातला गोटा उचलून भिरकावला, तो आमच्या पाण्याच्या माठाला लागला आणि माठ फुटला. मायनं कात्री उगारली तशी ती पदर सावरत पळाली. संध्याकाळी बाबांना कळलं. मला वाटलं, आता चामडी जाणार. बाबांनी मला जवळ बोलावलं, माझा उजवा पंजा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "माह्या बापानं यायच्या घरच्या लाथा खाल्ल्या. मीनं शिव्या खाल्ल्या. अन् माही पोरगी यायले झापडा देते! हान, नंदे, हान. दबून राहू नोको." त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा दिला. बाबांनी आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कधी केलं नाही.

दादाला मात्र काही यायचं नाही. म्हणजे एकदा आलं होतं. सुरुवातीच्याच एका शनिवारी टी-आय-ओ-एनच्या गोतातलं 'स्टेशन' त्यानं बरोबर सांगितलं. मला वाटलं, बोलाफुलाला गाठ पडली. उभी होती सायत्रा, आंधळगावला माग चालवणाऱ्यांची, काडीसारखी पोरगी. दादानं तिच्या गालाला नुसता हात लावला. सरांनी त्याला बोलावून "असं" दाखवलं. त्यानं पुन्हा हळू मारलं. सरांनी पुन्हा "असं" दाखवलं, जोरात. तिसऱ्यांदा दादानं डोळे मिटून हात फिरवला. सायत्राच्या कानात पितळी बाळी होती, ती तिच्याच गालात घुसली आणि गाल चिरला. फ्रॉकवर रक्त. ती रडली नाही, दादाच रडला. एवढा मोठा दांडगा वर्गात मुळुमुळू रडतो म्हणून पोट्टे महिनाभर हसत होते, आणि मलाही त्याची लाज वाटली. त्यानंतर दादाला एकाही शनिवारी काही आलं नाही. दर वेळी उभा राहायचा, कुणाची ना कुणाची झापड खायचा आणि खाली बसायचा. सर त्याला 'ठोकळा' म्हणू लागले.

तोपर्यंत त्याला मारायची पाळी माझ्यावर आली नव्हती. आमच्यामधे कुणीतरी उत्तर देऊन टाकायचं. मग तो जी-एचचा शनिवार आला. त्या सकाळी मी दादाकडून विहिरीवर घोकून घेतलं होतं. तो दोर ओढत होता, मी काठावर बसून म्हणायला लावत होते, शेजारी म्हणजे नेबर, एन-ई-आय-जी-एच-बी-ओ-यू-आर. एक बादली, एक नेबर. वीस बादल्या झाल्या. मायनं आदल्या दिवशीचा भात फोडणीला टाकला होता, तो खाऊन आम्ही निघालो आणि वाटेतही मी एकदा विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं.

आणि सरांनी नेमका तोच विचारला. "शेजारी?" वसंताला नाही आलं, उभा. त्याच्यामागचे दोघं उभे. सायत्रा उभी. मग दादा. मी आतल्या आत उकळत होते, बोल ना रे बाप्पा, बोल! दादानं फळ्याकडे पाहिलं, सायत्राकडे पाहिलं, खाली पाहिलं. आणि उभा राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस बादल्या! सकाळी पोपटासारखा बोललेला माणूस आता तोंड शिवून उभा. आमच्यामधे बसणारे त्या दिवशी आले नव्हते, पुढचा नंबर माझाच. मी ताडकन उठून सांगितलं, स्पेलिंगसकट.

मी पुढे झाले. वसंता खालच्या आवाजात म्हणाला, "आमाले तं हानते. आता भावाले कशी मारते पाहू. हात फिरवशीन लाडानं." मागून दोघं-तिघं फिसफिसले. मी वसंताला हाणली. त्या दोघांना हाणली. सायत्रालाही हाणली, बाळीची बाजू टाळून. मग दादासमोर आले. सर म्हणाले, "सुनंदा, घरचा-दारचा पाहायचा नाही." आख्खा वर्ग माझ्या हाताकडे पाहत होता. बाबांचं ते 'हान, नंदे, हान' माझ्या डोक्यात होतं, वसंताचं हसू होतं, आणि वीस बादल्यांचा संताप होता. दादा उंच होता. माझा हात पोचावा म्हणून तो थोडा वाकला.

मी एवढ्या जोरात कुणालाच मारलं नव्हतं. पंजा गालावर बसला नाही, कानावर बसला, आख्खा. मुरमुऱ्याची पुडी फोडल्यासारखा आवाज झाला. दादा बाकावर बसला नाही, बाकाच्या खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. थोड्या वेळानं हात काढला तर डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. वसंताचं हसू उडालं. सर म्हणाले, "शाब्बास, याले म्हनते न्याय," आणि पुढचा शब्द विचारला. मला त्या 'शाब्बास'चा आनंद झाला होता. हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण झाला होता.

परतताना दादा पाळीवरून वाकडा वाकडा चालत होता, दारू प्यायल्यासारखा. "कानात राइस मिल चालून राहिली," म्हणाला. मग थांबून मला म्हणाला, "बाबाले सांगू नोको. तुले शाळेतून काढीन तो. मीच सांगतो, तलावात बुडी मारली अन् पानी गेलं म्हनून." मी विचारलं, "दुखते का?" तो म्हणाला, "नाही." तो खोटं बोलतोय हे मला दिसत होतं. त्याचं म्हणणंही खरं होतं. वसंताला मारणारी पोरगी बाबांना हवी होती, थोरल्या भावाचा कान फोडणारी नव्हे. त्यांनी माझी वह्या-पुस्तकं चुलीत घातली असती. मी गप्प बसले.

आमच्याकडे कानात पाणी गेलं की एकच औषध. जवसाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत तळायच्या आणि ते तेल कोमट करून कानात सोडायचं. मायनं तेच केलं. तिला काय माहीत आतला पडदा फाटलाय! तेल आत गेलं तसा दादा असा ओरडला की शेजारची म्हातारी काठी टेकत पाहायला आली. "पानी निघून राहिलं, म्हनून दुखते," माय म्हणाली. रोज संध्याकाळी तेल. रोज दादाचं डोकं मांडीवर दाबून धरायचं काम माझं, कारण माझा हात मोठा. चौथ्या-पाचव्या दिवशी पू यायला लागला. माय म्हणाली, घाण निघते, चांगलं आहे. उशीला वास, केसांना वास. मी दोन-तीनदा तोंड उघडलं होतं, माय, पाणी नाही गेलं, मी मारलं, भंडाऱ्याच्या डॉक्टरला दाखवा. प्रत्येक वेळी दादानं मांडीवरूनच माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. आणि मी तोंड मिटलं. त्यानं नाही म्हटलं म्हणून मिटलं असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला शाळा सोडायची नव्हती.

महिन्याभरानं पू थांबला आणि त्या कानाचं ऐकणंही थांबलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघंही दहावी पास झालो. दादाला इंग्रजीत चांगले मार्क पडले. सगळे म्हणाले, नंदाची कमाल, ठोकळ्याला माणूस केलं. मलाही तसंच वाटलं. बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले आणि दादाला नवे कापडी बूट आणले. तो भरतीला नागपूरला गेला. धावण्यात पहिल्या टोळीत आला, छाती भरली, वजन भरलं, सगळं भरलं. मग डॉक्टरनं कानात बत्ती घातली, डाव्या कानाच्या मागे उभं राहून काहीतरी बोलला, आणि दादा तसाच समोर पाहत उभा राहिला. झालं.

तो परत आला तेव्हा बाबा पडवीत वाट पाहत होते. दादानं एवढंच सांगितलं, "कानात काढलं." बाबांनी भिंतीवरचा दोर ओढला. "तलावात मरायले कोनं सांगतलं होतं तुले? सांग! कोनं सांगतलं होतं?" पाठीवर, मांड्यांवर, मानेवर. दादा खांबाला धरून उभा. हात वर केला नाही की शब्द बोलला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, मी फुटेन म्हणून. बाबा दोर टाकून कोनाड्याकडे वळले. तिथं पोती ओढायचा लोखंडी आकडा असायचा. तो त्यांच्या हातात दिसला तशी माय सूप फेकून मधे घुसली आणि आकड्यानं तिचा दंड कोपरापर्यंत फाडला. पडवीभर विड्या सांडल्या होत्या आणि त्यांवर रक्त पडत होतं. त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. तो तलावात गेलाच नव्हता, बाबा, मी मारलं. मी दारात उभी होते, उजवा हात पाठीमागे लपवून. दादानं आकडा काढून घेतला, मायचा हात आपल्या नव्या गंजीनं बांधला आणि तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तो हात मरेपर्यंत सरळ झाला नाही. बाबाही गेले, मायही गेली. दोघांनाही शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांच्या पोराचा कान तलावानं खाल्ला.

मी भंडाऱ्याला राहून शिकले, पस्तीस वर्षं इंग्रजीची मास्तरीण होते. एकाही पोराला कधी हात लावला नाही. निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, सुनंदाबाई म्हणजे शांततेची मूर्ती. कसली मूर्ती! मला माझ्या हाताची भीती वाटायची. आणि मनाची समजूत घालायला माझ्याकडे एकच वाक्य होतं, त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली. त्याला येत नव्हतं. येत असतं तर मार बसला नसता. नियम सगळ्यांना सारखा होता, मी एकटीनं काय करायचं? हे वाक्य खोटं आहे असं कुणी सिद्ध करेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दादाचं भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे. ट्रकांचा आवाज त्याला एकाच बाजूनं येतो, म्हणून वहिनी त्याला रस्त्याकडे तो चांगला कान करून बसवते. गेल्या हिवाळ्यात मी गेले होते. दुपारची वेळ, घमेल्यात पाणी, पाण्यात ट्यूब बुडवून तो भोक शोधत होता. त्याची नात परी, तिसरीतली, इंग्रजी शाळेतली, वही घेऊन आली. "आत्याआजी, टीचरनं जी-एचचे दहा वर्ड सांगतले, लवकर सांग ना!" मी तोंड उघडते तोवर दादा ट्यूबवरची नजर न काढता म्हणाला, "लिही. नाइट, लाइट, राइट, फाइट, एट, हाइट, वेट, नेबर, डॉटर, लाफ, कफ, रफ, इनफ," आणि जरा थांबून, "प्लाव, थ्रू. पंधरा झाले. पाच फालतूचे." मग एकेकाचं स्पेलिंग सांगितलं, एकही न चुकता. क्रम तोच. लाल शाईचा प्लावसुद्धा जिथल्या तिथं. पुठ्ठा त्याच्या डोळ्यांसमोर होता, जसा माझ्या होता.

परी वही घेऊन पळाली. मी उठून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"दादा, तुले येत होतं?"

"काय?"

"हे. तवा. त्या शनिवारी."

"येत होतं ना. वीस बादल्या तं तूच म्हनाले लावलं होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, फडक्यानं कोरडी केली आणि भोकाला खडूनं गोल केला.

"बोललो असतो तं सायत्राले मारा लागलं असतं," तो म्हणाला. "मले मारता येत नव्हतं, बाई. तुले येत होतं."